डोळ्यांखालचे खड्डे

३ ऑक्टोबर, साकोली
आजपासून रोज लिहिणार. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या, नाटकाची तालीम सुरू झाली. कंपनीचे मालक तुलारामजी बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "प्रफुल्ल, औंदा हिरोचा बाप कर नं गा. वजनदार रोल आहे." मी हसलो. त्यांना गंमत करायची सवय आहे. या कंपनीचा हिरो मीच, कित्येक सीझन. पन्नाशी आली, पण ती आधार कार्डावर. हिरोसाठी त्यांच्या डोक्यात कंपनीतला नवा पोरगा निकेश आहे म्हणे. त्याला मिशी तरी नीट फुटली का? शेवटी ठरलं, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम, तिथे शोभेल तो हिरो. म्हणजे मीच.

४ ऑक्टोबर
आरशात पाहिलं. डोळ्यांखाली दोन खड्डे. बाकी चेहरा ठणठणीत. बहुतेक ट्यूबलाइटचा दोष.

५ ऑक्टोबर
उन्हात पाहिलं. ट्यूबलाइटचा दोष नाही.

१५ ऑक्टोबर, नागपूर
दाढ दाखवायला जातो असं आईला सांगून स्किन क्लिनिकमध्ये आलो. डॉक्टर मॅडमने समजावलं. गालावर सुईने एकच छिद्र, त्यातून बोथट टोकाची लवचिक नळी आत. तिला कॅन्युला म्हणतात. टोक बोथट, म्हणून नस टोचायची भीती कमी, काळंनिळंही कमी. त्या नळीतून खड्ड्यात जेल भरायचं. मी म्हटलं, मॅडम, स्टेजवर मी दोनदा फाशी गेलो आहे, घाबरत नाही. नळी सरकताना नर्सचा हात थोडा धरला. सुटायला वेळ लागला, असं तिचं म्हणणं.
सूचना : दोन आठवडे चेहरा दाबायचा नाही, चोळायचा नाही, शेकायचा नाही. एवढंच? हे तर शेंबडं पोरही पाळेल.

१७ ऑक्टोबर
खड्डे गायब! किंचित सूज, ती तेजासारखी दिसते. निकेशची दया आली. हरल्यावर त्याला चहा पाजायचा.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
घात झाला. पहाटे आईने पाटावर बसवलं. दरवर्षी बसवते. मी म्हटलं, तोंडाला तेल नको. ती म्हणाली, "काहून? दाढ दुखते म्हनत होता नं? थांब, तिकडंच जोर लावून देतो." खरं सांगायला तोंड उघडलं, त्यात उटणं गेलं. आईने भात झोडपल्यासारखा चेहरा चोळला. दुपारी डावा डोळा सुजला. तिला वाटलं, दाढच सुजली. मिठाची पोटली तव्यावर गरम करून तिने शेकलं. मी काही करू शकलो नाही, डोकं तिच्या मांडीत होतं.

२१ ऑक्टोबर
मॅडमना फोटो पाठवला. त्यांनी आधी विचारलं, डोळ्याने नीट दिसतं ना, दुखत नाही ना? मग म्हणाल्या, साधी सूज आहे, तीन-चार दिवसांत उतरेल. मी म्हटलं, रंगीत तालीम उद्याच आहे. त्या म्हणाल्या, हॅपी दिवाली.

२२ ऑक्टोबर
काळा गॉगल लावून गेलो. हिरोला शोभतो. तुलारामजींनी काढायला लावला. हिरोइन दामिनी म्हणाली, "प्रफुल्लभाऊ, मधमाशी चावली काय जी?" हिरोइनने हिरोला भाऊ म्हणायचं? निकेशला ती नुसतं निकेश म्हणते. तुलारामजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "निकेश, कोट घाल." तो माझा कोट. वाटलं, खांद्यात ढिला होईल. चपखल बसला. मला रडू आलं. डाव्या डोळ्यातून तेही धड येईना.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सूज उतरते आहे. तुलारामजींना फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. मंडईची गडबड असेल. संध्याकाळी निरोप आला, उद्या रात्री बपेऱ्याच्या मंडईत पहिला प्रयोग.

२४ ऑक्टोबर, बपेरा
सूज साफ गेली! मेकअपच्या आरशात पाहिलं, डोळ्यांखाली गुळगुळीत. पस्तिशीचा दिसतो. कुणी म्हणालं नाही, पण दिसतो. मेकअपवाला सेवकराम काळी पेन्सिल घेऊन समोर उभा. म्हणाला, "बापाचा रोल आहे नं भाऊ? मंग सुरकुत्या कुठं काढू? जागाच नाही ठेवली तुमी." खूप वेळ त्याने घासलं. शेवटी दोन खड्डे काढले. जिथे होते, तिथेच.

२५ ऑक्टोबर
नाटक रंगलं. निकेश पाया पडला तेव्हा टाळ्या पडल्या, त्या कुणाला ते कळलं नाही. आई पहिल्या रांगेत होती. पहाटे घरी येताना म्हणाली, "काल कसा आपल्या घरचा वाटला. तुया बाबासारखा. दरसाली तो रंगवलेला कोन राहे, मले तं समजेच नाही."
दुपारी मॅडमना फोन करून विचारलं, हे जेल किती टिकतं? त्या आनंदाने म्हणाल्या, काळजी करू नका, वर्षभर तरी जात नाही.
सीझन होळीपर्यंत आहे. सेवकरामला पेन्सिली जास्त आणायला सांगितल्या.