आवाज येतोय म्हणे

३ फेब्रु., रेणापूर
लातूरहून परत. डाव्या छातीत कातडीखाली मॉनिटर बसवला, काडेपेटीतल्या काडीपेक्षा जरा जाड. दुकानात दोनदा चक्कर येऊन पडलो, त्याचा हा प्रसाद. हृदय मधेच थांबतंय का ते यंत्र टिपणार. थांबत असलं तर पेसमेकर. तोवर स्कूटर बंद. किल्ली महानंदानं कमरेला खोवली. बायको हाय का फौजदार!

९ फेब्रु.
दवाखान्यातून फोन. रोज सकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये नॉइज, काही वाचता येईना. म.ला सांगितलं, आवाज येतोय म्हणे. झालं! मिक्सर बंद, टीव्ही बंद, शेंगदाण्याची चटणी शेजारी जाऊन कुटून आणली. माझ्याशी खाणाखुणांनी बोलू लागली. वैताग नुसता.

१४ फेब्रु.
लातूर. डॉक्टर म्हणाले, कानाला ऐकू येतो तो आवाज नव्हे हा. दंडा-छातीचे स्नायू ताणले की त्यांची थरथर हृदयाच्या रेषेत मिसळते. सकाळी काय करता? म्हटलं, लिंगपूजा. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन छातीसमोर धरतो, नजर हलू देत नाही. ते म्हणाले, हात उशीवर टेकवा. म. आधी चिडली, फुकट कुटायला लावलं म्हणून. मग पोट धरून हसली.

१९ फेब्रु.
हात उशीवर. अवघडल्यासारखं होतं, पूजा शिकवणारे वडील, अप्पा, असते तर बोलले असते. रेषा मात्र स्वच्छ, सगळं ठीक म्हणे. उगीच घाबरलो. किल्ली मागितली. न्हाई म्हणाली.

२६ फेब्रु.
पूजेत डोळ्यापुढं अंधारी. शुद्धीवर आलो तर मी भिंतीला कलंडलेला, समोर म., लिंग तिच्या ओंजळीत. खाली पडू दिलं नाही. "तुमी हितं नव्हताव," एवढंच बोलली. भ्या वाटलं, लई.

२७ फेब्रु.
डॉक्टरांचा फोन. काल त्या वेळी रेषा सपाट आहे, पण मागंपुढं थरथरही आहे. हृदय थांबलं होतं की तो नुसता नॉइजच, नक्की सांगता येईना. अजून थोडे दिवस पाहू, म्हणाले. म.नं फोन ओढून घेतला.
"डॉक्टर, मी नाडी धरून बसले होते. नव्हती."
डॉक्टर म्हणाले, उद्याच घेऊन या, पेसमेकरचं ठरवू.
फोन ठेवल्यावर तिला विचारलं, ओंजळीत लिंग असताना नाडी कोणत्या हातानं धरलीस?
तिनं मिक्सर लावला.