एक दिवस त्याची, एक दिवस माझी

हे लिहायचं मी दिवाळीपासून टाळतोय. कधी पेन सापडलं नाही, सापडलं तेव्हा सायकलचा ब्रेक नीट करत बसलो. आता ब्रेक ठीक आहे, मीच चालत नाही.

मी संदेश महादू निचिते, वय २६, शिक्षण आठवी (नववीत दोन महिने), राहणार शेणवा, ता. शहापूर, कुणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो की छाती गेली तरी अक्कल शाबूत आहे. आधी कुठं होती, असं आई विचारते.

१. सायकल बहीण चंदाला. तिनं सासरी न्यावी. नवऱ्याला मागं बसवावं.

२. घरातला माझा हिस्सा आई धोंडूबाईला. मधल्या खोलीची खिडकी कुणी बुजवायची नाही. स्वतःच्या गोठ्याकडे उघडते म्हणून शेजारच्या सावळारामकाकांनी दोनदा फळ्या ठोकल्या, ते मी विसरलेलो नाही. ती खिडकी डॉ. जयराम विशे यांनी भिंतीत पाडायला लावली. मी खोकल्याची सुई मागायला गेलो, तर डॉक्टर घरीच आले. कोण कुठं झोपतं, चुलीचा धूर कुठून जातो, आई पोटभर जेवते का, सगळं विचारलं. आई म्हणाली, "डाक्टर, खोकला याला आन् चौकशी माझी?"

"मावशी, खोकला घरात राहतो. नुसत्या पोरात नाय."

३. त्यांनी टीबीच्या गोळ्या दिल्या, सहा महिने रोज, एकही चुकवू नको म्हणाले. मी भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलो. तिथला जोडीदार गोमा तसाच खोकायचा. एकानं खायची अन् दुसऱ्यानं बघायची, हे आमच्यात बसत नाही. म्हटलं, "घे रे, खोकला एक, गोळी एक." एक दिवस त्याची, एक दिवस माझी. महिनाभर दोघांना बरं वाटलं. मग उरल्यातल्या निम्म्या गोळ्या त्याला देऊन मी नाशिकला गेलो, तिथून कुठं कुठं, ते इथं नको.

रक्त पडल्यावर परत आलो. डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "गोळ्या आणखी कुणी खाल्ल्या?"

मी म्हणालो, "नाय."

हे खोटं होतं. वर्षभर सांभाळलं, परवा सांगितलं. ऐकून ते डोळखांबच्या वरच्या पाड्यावर स्वतः चालत गेले. गोमाच्या घराला कुलूप. कामाला गेलेले. शेजारी निरोप ठेवून आले.

४. म्हणून माझा रेडिओ, जो गोमाला शोधून डॉक्टरांसमोर बसवील त्याला. बाकी माझं काही नाही.

ठिकाण शेणवा, १९ मार्च २००३.
सही: संदेश म. निचिते
साक्षीदार १: कोंडू भोईर, शेजारी
साक्षीदार २: डॉ. जय

डॉक्टरांची सही अर्धीच राहिली, कारण दारात गोमाची बायको हिराबाई आली आहे. निरोप मिळाला म्हणाली. एकटीच. गोमा संक्रांतीला तिकडं भट्टीवरच वारला.

डॉक्टरांनी तेच विचारलं, "गोळ्या आणखी कुणी खाल्ल्या?"

"मीच. एक दिस त्येंनी, एक दिस मी." आणि खोकली.

रेडिओ तिला द्यावा. डॉक्टर तिला खिडकीपाशी बसवून विचारतायत, घरात आणखी कोण कोण आहे.