दहा वजा

सोमवार, ४ मार्च

काम मिळालं. मागितलं नव्हतं. शिक्षण खात्याला शाळा मोजायच्या आहेत आणि मोजणारे सगळे माझ्यासारखे निवृत्त. तिथले साहेब म्हणाले, "काका, जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेत. घरी बसून काय करणार?" खरंच, काय करणार! हो म्हणालो. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

नियम सोपा आहे. खोली तीस चौरस मीटर भरली तर ती वर्ग, आणि वर्गात तीस मुलं धरायची. जराही कमी भरली तर 'इतर'. इतर म्हणजे सामान ठेवा, डबे खा, काहीही करा, पण तिथे मुलं धरायची नाहीत. ही झाली शाळेची क्षमता. मग पट बघायचा. शंभर जागांमागे साठ मुलं नसतील तर शाळा बंद, मुलं दुसरीकडे. खात्यात याला समायोजन म्हणतात. काय मऊ शब्द! बाळाच्या दुपट्यासारखा.

माळ्यावरून जुनी टेप काढली. चामड्याची डबी, आत कापडी फीत. टोकाची कडी तुटली त्याला किती वर्षं झाली! पहिला तुकडा विरून गेलाय, म्हणून शून्यावर धरताच येत नाही. दहाच्या रेघेवर धरायची आणि आलेल्या मापातून दहा सेंटीमीटर कमी करायचे. घरात पडदे मोजायचे असोत की सतरंजी, टोक आमची ही धरायची. मी आकडा वाचला की तिकडून ओरडायची — "दहा वजा!" वर्गात ओरडावं तशी. शेजारी हसायचे.

नवी टेप घे म्हणून मागे लागली होती. घेऊ म्हणालो. ऑक्टोबरमध्ये ही गेली. टेप आहे.

बुधवार, ६ मार्च

पहिली शाळा. नव्या वसाहतीतली. बापरे, मुलं! जिन्याच्या पायऱ्यांवर एक वर्ग भरलेला. मधल्या पायरीवरून बाई खालच्यांना पाढे घेत होत्या आणि वरच्यांना शुद्धलेखन. हेडमास्तर घामाघूम. माझ्यासाठी टेपचं टोक धरून भिंतीपाशी वाकले आणि म्हणाले, "काका, मापं जरा सढळ हाताने घ्या हो. क्षमता वाढली तर प्रवेश देता येतील. आईबाप सकाळपासून फाटकाला लटकतात."

म्हणालो, "भिंत जेवढी आहे तेवढीच आहे."

दोन खोल्या काठावर होत्या. पण भरल्या — तीसच्या वर. हेडमास्तरांनी चहा पाजला. गोड होता. म्हणजे असावा.

शुक्रवार, ८ मार्च

काही नाही. दूध उतू गेलं. पुसलं.

रविवार, १० मार्च

मेहुणीकडे. हिचं लाकडी कपाट तिने मागितलंय. तिच्या पलंगाशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे, तिथे ठेवायचंय. टेप खिशात होतीच. एक मीटर वीस. कपाट एक पंधरा — सुताराकडून मीच करून घेतलं होतं, ते माप विसरणं शक्य नाही. बसेल.

"भावोजी, नक्की देताय ना? मन लागेल तुमचं त्या कपाटाशिवाय?"

मन कपाटात नसतं, असं काहीतरी म्हणालो. वाक्य बरं होतं. पूर्वी असं वाक्य सुचलं की दिवसभर चघळायचो. आज तिच्या जिन्यावरच विसरलो होतो. आता लिहिताना आठवलं.

सोमवार, ११ मार्च

हिची शाळा.

हिने आख्खी नोकरी तिथे काढली. मी इतक्या वर्षांत फाटकाच्या आत फार तर चार-पाचदा गेलो असेन. बाहेरच थांबायचो. ऑफिसला जाताना सायकल कुंपणाला टेकवायची आणि कोपऱ्यातल्या खोलीतून कविता ऐकायची. मुलं बाकावर ठेका धरून म्हणायची — पाखरांच्या, ओढ्याच्या, आईच्या. मला शाळेतल्या सगळ्या कविता पाठ आहेत, पण चौथ्या ओळीशी माझी गाडी अडते. ही आतून मुलांना चौथी ओळ सांगायची. मी ती घेऊन ऑफिसला जायचो.

ती कोपऱ्यातली खोली! कागदोपत्री सामानाची. हिने तिथल्या मोडक्या खुर्च्या बाहेर काढल्या, मुलं आत बसवली आणि 'हा वर्ग आहे' म्हणून अर्जांवर अर्ज केले. वरून दरवेळी नकार. शेवटी हिने दारावर खडूने लिहिलं — वर्ग पाचवा. पुसलं गेलं की पुन्हा लिहायची. निवृत्त होईपर्यंत.

आता तिथे नकाशे आणि एक फुटका पृथ्वीगोल. मुख्याध्यापिकेला मुलं मोठ्या बाई म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्या माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान. पदर खोचून त्यांनी स्वतः टेपचं टोक धरलं.

सहा मीटर. पाच मीटर दहा. म्हणजे तीसच्या वर.

"म्हणजे वर्ग?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"वर्ग."

ही जिंकली की! घरी जाऊन सांगायला हवं, असं अर्धा क्षण वाटलं. मग काहीच वाटलं नाही. फीत गुंडाळली.

मंगळवार, १२ मार्च

आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला. हिच्या शाळेत पाच वर्ग, म्हणजे दीडशे जागा. पटावर मुलं ऐंशी.

"निम्म्याहून जरा जास्त. साठच्या खाली. जाणार ही," साहेब म्हणाले. वाईट नाहीत ते. चष्मा पुसत म्हणाले. "चारच वर्ग असते ना काका, तर एकशे वीसला ऐंशी. वाचली असती. त्या पाचव्या खोलीने घात केला बघा."

मी बरं म्हणालो. बरं!

गुरुवार, १४ मार्च

साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून सांगितलं — आजूबाजूला लहान मुलं किती आहेत ते बघून या. पुढच्या दोन-तीन वर्षांत पट वाढणार असेल तर तसं लिहू.

हिच्या शाळेभोवतीच्या गल्ल्या फिरलो. दारं वाजवण्याआधी माझा अंदाज दोऱ्यांवरून — कुठे दुपटी वाळतायत, कुठे झबली. वर बघत चालताना दोनदा ठेचकाळलो. सगळीकडे चादरी, मोठे पायजमे, गुडघ्याला बांधायचे पट्टे. एका गॅलरीत इवलेसे चार मोजे दिसले, धावत वर गेलो. कुत्र्याचे होते!

पूर्वी यावर रात्रभर हसलो असतो. दोघंही.

मोठ्या बाईंना सांगायला गेलो. त्यांनी हजेरीपुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "माझ्या पोरांना मोठा रस्ता ओलांडून जावं लागेल, काका. ट्रकचा रस्ता. पहिलीतली काही सोडून देतील. पोरी तर नक्कीच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती खोली वर्ग नसती तर..." आणि जीभ चावली. हिची खोली, माझ्यासमोर कसं म्हणणार!

रविवार, १७ मार्च

कपाट बसलं नाही.

हमालांनी तीन मजले चढवलं, कोनाड्याशी आणलं — आणि अडकलं. आडवं केलं, तिरकं केलं. कोनाडा लहान. मेहुणी कमरेवर हात ठेवून उभी. "काय हो भावोजी! उभी हयात मोजमापात गेली आणि मेहुणीचा कोनाडा चुकलात? ताई असती ना, तर अशी ओरडली असती तिकडून..."

ती पुढे बोलत होती. मला ऐकू येईना.

दहा वजा.

मी वजा केले नव्हते. कोनाडा एक वीस नाही, एक दहा. आकडा वाचला आणि वाट बघत थांबलो असेन, ती ओरडेल म्हणून. ओरडलं कोणी नाही. तसाच लिहिला.

शाळाही तशाच मोजल्या. दोन्ही. प्रत्येक खोली, दोन्ही बाजूंनी.

हमालांना चहा दिला. कपाट तिच्या जिन्याच्या तोंडाशी उभं आहे. बसून हिशोब केला. कोपऱ्यातली खोली पाच नव्वद गुणिले पाच. साडेएकोणतीस. अर्ध्या चौरस मीटरने कमी. वर्ग नाही. बाकीच्या चार तरीही तीसच्या वर.

म्हणजे शाळा वाचते. आणि नकार देणारे ते सगळे साहेब खरे होते, ही खोटी.

झोप लागली. लागते हल्ली.

सोमवार, १८ मार्च

साहेबांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं — कडी, विरलेला तुकडा, हिचं ओरडणं. शेवटचं सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी यादी पुढे ओढली. "काका, यादी उद्या सहीला जाणार होती."

"म्हणून आज आलो."

"आणि नव्या वसाहतीची?"

"तीही चुकली. त्यांच्या दोन खोल्या काठावर होत्या. उतरतील."

"वा! एक शाळा वाचवायला निघालात आणि दुसरी आखूड करून ठेवलीत!" पण त्यांनी फोन उचलला. लेसरचं यंत्र वापरणारी एक इंजिनिअर आहे, तिला दोन्हीकडे पाठवणार. "तुम्हीही जा सोबत. टेप मात्र घरी ठेवा."

बुधवार, २० मार्च

इंजिनिअर मुलगी आमच्या नातीच्या वयाची. डबीएवढं यंत्र भिंतीला लावते, समोर लाल ठिपका पडतो, झालं. टोक धरायला कोणी लागत नाही. मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसा." बसलो, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी.

साडेएकोणतीस.

मोठ्या बाईंनी हात जोडले — यंत्राला, मुलीला, मला, कोणाला कळेना. मग माझ्याकडे बघून हात सोडले. मुलीने विचारलं, "या खोलीपुढे काय लिहू?"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "इतर."

दारावर खडूचं काही राहिलेलं नाही. बघून आलो.

शुक्रवार, २२ मार्च

दोन ओळी सुचल्या, किती महिन्यांनी —

रिकाम्या बाकावर ऊन बसले,
हजेरी घेता कोणी न हसले.

शाळेतल्या पुस्तकात शोभतील अशा. तिसरीही जुळवली, मग खोडली. चौथी येत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

यादी लागली. हिची शाळा त्यात नाही. मोठ्या बाईंनी फोनवर दोनदा आभार मानले. दुसऱ्यांदा मानले तेव्हा मी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. काही दुखत नाही. काही आनंदही नाही. चुकलेलं माप दुरुस्त झालं, एवढंच.

नव्या वसाहतीच्या हेडमास्तरांचाही फोन आला. दोन वर्ग गेले, यंदाचे नवे प्रवेश घेता येणार नाहीत. "तुमच्या टेपला नमस्कार," म्हणाले. रागावून म्हणाले. बरोबर आहे.

मेहुणीने कपाट जिन्यातच ठेवून घेतलंय. त्यात चपला ठेवते.

बुधवार, १० एप्रिल

मोठ्या बाईंचा फोन. नव्या वसाहतीत प्रवेश बंद, म्हणून खात्याने ती मुलं आमच्याकडे लावून दिली. सोडायला बस देणार. चार वर्गांत मावत नाहीत! साहेबांनी खास बाब म्हणून लेखी परवानगी दिली — कोपऱ्यातल्या खोलीत वीस मुलांचा वर्ग. वर्ग पाचवा. कागदावर.

"काका, बाक किती बसतील तेवढं मोजायला येता? यंत्रवालीला वेळ नाही."

टेप काढली. फीत घरच्याच फरशीवर पसरली, दहाच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ती ओरडायची तसं ओरडलो — "दहा वजा!"

शेजारच्यांनी दार वाजवलं. उघडायला उठता येईना. इतका रडत होतो.