माझ्याशिवाय स्थलांतर अशक्य

३ जून, मुंबई
ऑर्डर आली. कर कार्यालयातला आमचा अपील विभाग छत्रपती संभाजीनगरला हलवणार. सगळीकडे रडारड. मी शांत. मी नसलो तर मुंबई ऑफिस बंद पडेल, हे वरच्यांना ठाऊक आहे.

४ जून
यादीत पहिलं नाव माझंच. साहजिक आहे. भरवशाचा माणूस लागतो. बायको, उमा, म्हणाली, तुझ्या त्या केशवसकट सगळ्यांनी मेडिकल टाकलंय, तूही टाक. हिला लीडरशिप कळत नाही. माझा प्लॅन: आधी रुजू व्हायचं, जागा कुचकामी आहे हे सिद्ध करायचं आणि अख्खं ऑफिस परत आणायचं. उमा शाळेतली नोकरी सोडून येणार नाही. म्हटलं, नकोच येऊस, गेलो न् आलो.

१७ जून, संभाजीनगर
पडेगावात खोली घेतली. मालकीण आवडाबाईंचा पहिलाच प्रश्न, "साहेब, तिकडं काय केलं व्हतं? मुंबई सोडून इथं उगंच कुणी येत नाय." ही निवड आहे, शिक्षा नाही, असं सांगितलं. त्यांनी दयेनं पिठलं-भाकरी पाठवली.

१८ जून
रुजू झालो. इमारतीला रंग चालू. फायली मुंबईत. विभागात मी आणि शिपाई गोकुळ. दुपारी गोकुळ झोपला. म्हणजे निम्मा स्टाफ गैरहजर.

९ जुलै
नळाला पाणी नाही. उत्तम! रिपोर्टसाठी मुद्दा. मग अभ्यासासाठी खुलताबादला गेलो. इतक्या गार हवेत कर्मचारी कामं करतील का? हाही मुद्दा. तिथं भजी लई भारी. (हे रिपोर्टात नको.)

२ ऑगस्ट
उमाला फोन. मागं बायकांचा हशा. माझ्या विरहानं खचली आहे, पण दाखवत नाही.

२१ ऑगस्ट
रिपोर्ट पाठवला. घरं, रिक्षा, पाणी, बाजार, काही सोडलं नाही. गोकुळ म्हणाला, "साहेब, आमच्या गावाची इतकी माहिती आमच्या नगरसेवकालाबी नाय." बघा!

१५ सप्टेंबर
जिंकलो! स्थलांतर रद्द! एका रिपोर्टात सरकार नमलं. पेढे वाटले. उमाला म्हटलं, येतोय. तिनं तीनदा विचारलं, नक्की का? आनंदानं.

१६ सप्टेंबर
केशवचा फोन आला. हसू आवरून म्हणाला, "श्रीरंग, रद्द झालंय ते रुजू न झालेल्यांचं." रुजू झालेला मी एकटा. वरच्यांना माझा रिपोर्ट फार आवडला म्हणे. शहराची एवढी जाण असलेला माणूस तिथंच हवा. म्हणून इथं नवा संपर्क कक्ष. प्रमुख मी. खाली कोणी नाही. गोकुळची बदली झाली.

उमाला सांगितलं. तिनं सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा. मग म्हणाली, पुतणी श्रेया कॉलेजसाठी राहायला आलीय, तुझं कपाट तिला दिलंय. यायचं झालं तर आधी कळव.

कळवतो म्हटलं.