डॉक्टरांच्या फियाटचं छप्पर

७ एप्रिल २००३, सोम.

डॉक्टरांची फियाट आज दुकानात आली. नामदेवच्या टेम्पोमागे टोचन करून. पाच हातांवरून वास. मागची सीट गायब, तळ गंजून चाळणी, आणि छपरात मधोमध ते भोक. नामदेव आसपासच्या गावतलावांत माशांची पिल्लं सोडतो. चार-पाच वर्षं त्यानं पिल्लांचे ड्रम या गाडीतून वाहिले. एक माणूस मागे उभा, छाती-डोकं भोकातून बाहेर, आणि हातातल्या फळीनं सारखं पाणी ढवळत जायचं. ढवळणं थांबलं की पिल्लं मरतात.

म्हणे, "काच होती वर, काढून फेकली भाऊ. मासोळीले हवा पायजे, काच काय करते?"

भोक त्यानं नाही पाडलं. मी पाडलं. हे फक्त इथं लिहितोय.

८ एप्रिल, मंगळ.

बाई आल्या. डॉक्टरांच्या घरच्या. सायकलरिक्षातून उतरायलाच वेळ लागला, गुडघे गेलेत. मुलानं, प्रकाशनं, विकलेली गाडी त्यांनी त्याला न विचारता नामदेवकडून परत घेतली. प्रकाशला कळलं तर चिडेल म्हणाल्या, चिडू दे म्हणाल्या.

"मले जशी होती तशी पायजे, हनीफ. एकदा मागं बसून घरी जाईन, बस."

अब्बांनी ही गाडी वीस वर्षं चालवली. डॉ. मागे बसायचे, उजवा हात खिडकीबाहेर. छपरावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एस्टीच्या घंटीसारखं. खेड्यातली पोरंसोरंही ओळखायची.

जाताना बाई भोकाकडे बघून म्हणाल्या, "नागपूरच्या ज्या मिस्त्र्यानं हे केलं, त्याच्या हाताले किडे पडो."

प्रकाशनं त्यांना तसंच सांगितलं आहे, नागपूरला केलं म्हणून. मी हातातलं फडकं पिळत उभा राहिलो. चहा विचारायचंही सुचलं नाही.

१० एप्रिल, गुरु.

आतलं अस्तर फाडलं. ओकारी आली, खरंच बाहेर जाऊन ओकलो. कापसात सडकं पाणी, खवले, चिकटून वाळलेली पिल्लं, त्यावर डांबर, डांबरावर कुणीतरी चिकटवलेली गोणपाटाची पट्टी. दोन वेळा साबणानं हात धुतले, जेवताना वास तसाच. बायकोनं, सलमानं, आपलं ताट लांब सरकवलं.

पण खरी किळस काचेची चौकट काढल्यावर आली. खाली माझा काप. समोरच्या डाव्या कोपऱ्यात छिन्नी घसरलेली, ती खूण तशीच. घाई केली होती मी तिथं. छपराखालची आडवी पट्टीसुद्धा कापली होती, जिच्यावर सगळं छप्पर तोललेलं असतं. चौकट बसेना म्हणून. असा कारागीर दुसरा कुणी असता तर चार माणसांत शिव्या घातल्या असत्या.

९६ सालची गोष्ट. लिहूनच टाकतो. प्रकाश पुण्याहून काच-चौकट घेऊन आला होता. सनरूफ म्हणायचा. मित्रांना जंगलात उभ्यानं वाघ दाखवायचा होता. बाई मुलीकडे मुलचेऱ्याला. डॉ. व्हरांड्यात खुर्चीवर, अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मी छपरावर पहिला घाव घातला आणि त्यांनी चांगल्या हातानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. एक. मी बघितलं. पुन्हा एक. प्रकाश म्हणाला, "बाबा खूश आहेत, चालू दे."

एक थाप म्हणजे काय ते मला कळत नव्हतं? अब्बांच्या पोराला?

चालू दिलं. मोठ्या घरचं काम, नाही कोण म्हणणार. आठ महिन्यांनी डॉ. गेले.

१२ एप्रिल, शनि.

चंद्रपूरला भंगारवाल्याकडे. याच बनावटीची एक गाडी सापडली, पुढून चेपलेली, छप्पर शाबूत. छप्पर पट्टीसकट कापून एस्टीच्या टपावर टाकून आणलं. कंडक्टर कुरकुरला. ऊन मरणाचं.

१६ एप्रिल, बुध.

आधी आडवी पट्टी जोडली. मग तुकडा बसवला, कडेला कड, गॅसनं छोटे छोटे टाके. ओल्या फडक्यानं थंड करत करत. तरी पत्रा ओढलाच. मधे ताटाएवढा खोलगट भाग. ठोकून उठेना. वैताग.

शेवटी पुट्टी भरली. अर्धा डबा. घासली, गुळगुळीत झाली. वरून कुणाच्या बापाला कळणार नाही.

१७ एप्रिल, गुरु.

सकाळी छपरावर थाप मारून पाहिली. गादीवर मारल्यासारखा आवाज.

शिसारी आली स्वतःची. पहिल्यांदा भिऊन कापलं, आता लपवायला लिंपतोय. सगळी पुट्टी जाळून खरवडली. दुकानभर काळा धूर, शेजारचा टेलर ओरडला.

२१ एप्रिल, सोम.

तीन दिवस एकाच खोलगट जागेवर. खालून डॉलीचा लोखंडी ठोकळा धरायचा, वरून हातोडी, हळू. तापवायचं, निववायचं, परत. खांदा भरून आलाय. आज दुपारी पत्रा टणकन वर आला आणि तिथंच राहिला. थाप मारली. वाजला.

अब्बा असते तर... जाऊ दे.

२५ एप्रिल, शुक्र.

तळ नवा टाकला, इंजिन दुरुस्त केलं, सीट बसवली, रंग झाला. फिका हिरवा, पुढच्या कप्प्याच्या झाकणाआड जुना रंग जसाच्या तसा होता, त्यावरून जुळवला. जोड शोधून सापडत नाही. नमाजात लक्ष नव्हतं. वास अजून आहे, थोडा. की माझ्याच नाकात बसलाय.

सलमा म्हणते कशाला सांगता, गाडी झाली, बाई खूश, विषय संपला. बरोबर आहे तिचं. पण बाई आशीर्वाद देतील आणि मी तो घेईन, हे डोळ्यांपुढे आलं की हातातलं काम टाकून उठतो.

२६ एप्रिल, शनि.

बाई आल्या. इस्त्रीची पांढरी साडी. गाडीभोवती एक चक्कर, छपरावर तळवा फिरवला. मागे बसल्या, डॉ. बसायचे त्या बाजूला. मी पुढे. चावी फिरवली, इंजिन लागलं. बाईंनी खिडकीतून हात काढून छपरावर दोन थापा मारल्या.

माझा पाय क्लचवरून उठेना.

"बाई, नागपूरचा मिस्त्री कोनी नव्हता. मीच कापलं. डॉक्टरसाहेब एक-एक थाप मारून राह्यले होते. मी थांबलो नाई."

आरशात बघायची हिंमत झाली नाही. इंजिन चालू. मग वर एक थाप.

मी इंजिन बंद केलं. बाई उतरल्या, दार हळू लावलं, त्या गुडघ्यांनी चालत नाक्यापर्यंत गेल्या आणि रिक्षा केली.

३ मे, शनि.

आठवडा झाला. निरोप नाही. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो.

आज नामदेव आला होता. गाडीभोवती फिरला. म्हणे, "बाई नाई नेत त मले दे ना भाऊ. पर वर भोक पाडून देजो, पिल्लांचा सीझन येते." त्याला हाकललं. बिचाऱ्याला कळलंही नाही का ते.

गाडीवर ताडपत्री टाकून ठेवलीय. रोज सकाळी ती काढतो, मागची सीट पुसतो आणि दहा मिनिटं इंजिन चालू करून पुढे बसतो. बॅटरी उतरू नये म्हणून.