खूण खाली

७ फेब्रुवारी, सकाळचे सव्वासहा

ती. दादास शि. सा. न.

तू कामावरून यंत्रासोबत परत पाठवलेल्या नऊ तुळयांच्या खाचा आत्ताच मोजून झाल्या. प्रत्येक खाच दोनदा मोजली. मी घरी केलेल्या खाचा पाडण्याच्या यंत्राने घात केला, असं तू अप्पांना कळवलंस. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या रविवारपर्यंत चूक सापडली नाही तर यंत्र भंगारात घाल, असा निरोप त्यांनी आईकरवी दिला आहे.

दादा, चूक सापडली. सगळ्या खाचा खुणेच्या बाजूपासून चार इंचांवर हव्या होत्या, त्या उलट बाजूपासून बरोबर चार इंचांवर आहेत. म्हणजे तुळया यंत्रावर उलट्या ठेवल्या होत्या. हाताने काम करताना पेन्सिलीने खूण केलेली बाजू वर ठेवतात. या यंत्राचं माप बैठकीपासून सुरू होतं, म्हणून ती खाली हवी. मी बैठकीवर लाल रंगात ‘खूण खाली’ लिहिलं होतं. ती अक्षरं कुणीतरी पटाशीने खरवडली आहेत. रविवारच्या आत अप्पांना दोन ओळी लिही, एवढंच मागणं.

तुझा,
बारक्या

१० फेब्रुवारी

चि. बारक्यास अ. आ.

पत्र आहे की पंचनामा? खरवडलं मीच. वीस वर्षं पटाशी धरलेला माणूस मी. ज्याचं घर बांधतोय त्या मालकासमोर धाकट्याची पाटी वाचून काम करू? तो हसायलाच लागला होता. पुढे हात सवयीने चालला, झालं.

पण अप्पा पुढच्या महिन्यात कारखाना माझ्या हाती देणार आहेत. आत्ता हे निघालं तर सगळं फिसकटेल. तुझं वय आहे, अशी दहा यंत्रं करशील. एवढं पोटात घाल आणि हे पत्र फाडून टाक. वहिनी तुझी आठवण काढते. जेवत जा, काडी झाला आहेस.

तुझाच,
दादा

१४ फेब्रुवारी, रविवार, दुपारचे तीन

ती. दादास शि. सा. न.

पत्र फाडलं नाही. अप्पांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाले, थोरल्याचं नाव गेलं तर कारखान्याचं गेलं, तू यंत्र सोडवायला घे. आई चुलीपाशी होती. तिनेही ऐकलं.

दुसऱ्या कुणी बोल्टचे आटे मारले असते, म्हणून मीच सोडवलं. चार तास लागले. जोडायला चौदा महिने लागले होते.

वहिनींना नमस्कार. लोभाचं तुझं तू बघ.

बारक्या

मोटर ४,२००, लोखंड व वेल्डिंग ३,१५०, पाती ९८०. एकूण खर्च ८,३३०.
भंगाराचे आले २,१००.
नऊ तुळयांची भरपाई ११,७००. अप्पांच्या सांगण्यावरून माझ्या मजुरीतून, दरमहा ४५०. सव्वीस महिने.