‘पाणी!’ कोण ओरडलं

३ फेब्रुवारी

लोरांद येणार! माझ्याच नातवाची बातमी मला शेजारच्या पिरोश्काकडून कळली. कुंपणावरून ओरडली — "अगोता, नातू येतोय गं तुझा! पण पाहुण्यांच्या बसमधून!" आणि हसली. तोंडात दात नाही, तरी हसायची हौस दांडगी.

चार देशांची आइस हॉकीची स्पर्धा आहे, आठवडाभर, आपल्याच हॉलमध्ये. रुमानियाच्या बाकावर एलेमेर, माझा मुलगा. दुय्यम प्रशिक्षक. हंगेरीच्या संघात लोरांद, त्याचा मुलगा. इथेच जन्मला, इथल्याच बर्फावर ढुंगण शेकून घेतलं, आणि दोन वर्षांपूर्वी बुडापेस्टला जाऊन तिकडची जर्सी चढवली. तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. एलेमेर म्हणतो, "मी अठरा वर्षं घातली ती जर्सी ह्याला टोचते!" लोरांद म्हणतो, "मी शिव्या कुठल्या भाषेत देतो ते तरी बघा." शिव्या दोन्ही संघ एकाच भाषेत देतात — गाव रुमानियात असलं तरी आम्ही बोलतो हंगेरियनच. निम्मी पोरं तर आमच्याच गल्लीतली, काही इकडे, काही तिकडे.

मला विचाराल तर दोघंही गाढव. पण मला विचारतंय कोण.

४ फेब्रुवारी

लोरांदचा फोन. "आजी, मंगळवारी मॅच झाली की जेवायला येतो."

"बाप असेल घरात."

"माहितीये." आणि पुढे — "कोबीची पानं भरशील?"

म्हणजे येणार. एलेमेरला सांगितलं. तो पाव चावत राहिला. मग म्हणाला, "आधी बर्फावर तर भेटू दे." नाही म्हणाला नाही. एवढं पुष्कळ.

५ फेब्रुवारी

पिंपातला आंबवलेला कोबी काढला. बोटं बधिर झाली आणि तळं आठवलं.

देनेश होता तेव्हा. माझा नवरा — गोलरक्षक, राष्ट्रीय संघाचा. महिना महिना घरी नसायचा. यायचा तेव्हा पुढचा एक दात कमी. त्याचे पॅड घोड्याच्या केसांनी भरलेले. भिजले की मला उचलवायचे नाहीत. चुलीवर टांगून वाळवायची. घरभर वास, जणू घोडाच वाळत घातलाय! तो वास मला आवडायचा. कधी बोलले नाही त्याला.

बाप दौऱ्यावर, म्हणून एलेमेरला बर्फावर उभं राहायला मी शिकवलं. गमबूट घालून. चौथी शिकलेली बाई, पण बर्फ मला वाचता यायचा. गावाबाहेरच्या त्या तळ्याच्या एका कोपऱ्यात खारट पाण्याचा झरा होता, खालून बुडबुडे सोडणारा. उणे अठ्ठावीस असलं तरी तिथला बर्फ दुधावरच्या सायीएवढा. खेळताना चकती तिकडे घसरली की ज्याला दिसेल त्याने ओरडायचं — "पाणी!" — आणि बाकीच्यांनी असतील तिथे थांबायचं. चकती गेली तर गेली. न थांबणाऱ्याला घरी माझा हात.

एलेमेर एकदा नाही थांबला. सात वर्षांचा होता. मफलरला धरून ओढून काढला. घरी येईपर्यंत कपडे फळीसारखे झालेले, दारातून आत घेताना पोराला आडवा करावा लागला! त्यानंतर "पाणी!" म्हटलं की ताटावर बसलेला असला तरी त्याचा हात तोंडाशी थांबायचा. पुढे त्याने लोरांदला तेच शिकवलं, त्याच तळ्यावर. बापलेक दोघं वाकून, ढुंगणं वर, आणि मी काठावर सिगारेट ओढत.

आता तिथे गाड्या धुतात. हॉलमध्ये यंत्र बर्फ करतं, खाली सिमेंट. कोणी बुडत नाही. चांगलंच आहे. पण त्या बर्फाला कसला म्हणून वास नाही.

७ फेब्रुवारी

लोरांद बसमधून उतरला. डावा खांदा अजून जपून धरतो. शरद ऋतूत ऑपरेशन झालं तेव्हा आई एनिको जर्मनीत परक्या म्हाताऱ्या सांभाळत होती, आणि बाप रुसलेला. म्हणाला, "आजी, बरा आहे. आणखी एकदा निखळला तर मात्र खेळ संपला." असं हसत सांगतो मूर्ख!

८ फेब्रुवारी

कोबी तसाच पडलाय. कोणी जेवलं नाही.

एलेमेरने मला त्याच्या बाकाच्या मागेच जागा मिळवून दिली होती. दोन-दोन झालेले, शेवटची चार मिनिटं. हॉल नुसता पेटलेला — हाताशी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. चकती हंगेरीच्या कोपऱ्यात घसरली. तिच्यामागे लोरांद, सगळ्यांच्या पुढे. सहज मिळाली असती.

तेवढ्यात — "पाणी!"

आणि लोरांद थांबला. जागच्या जागी. खिळा ठोकावा तसा. मागून रुमानियाचा एक धिप्पाड पोरगा आला, रिकाम्या जागेतून चकती घेऊन गेला, आणि गोल. तीन-दोन. तिथेच मॅच संपली.

लोरांदने वळून बाकाकडे पाहिलं. बापाकडे.

बाहेर दारात गाठलं त्याने आम्हाला. हेल्मेट हातात, केसांतून वाफा. "पाणी म्हणून ओरडले! आजी, तिथे कुठलं आलं पाणी? संघात एकाला तरी कळतो का तो इशारा? ह्यांना नि मला!"

"मी ओरडलो नाही," एलेमेर.

"मग कोण? आजोबा?"

"तोंड सांभाळ. मी ओरडलो नाही म्हणतोय ना!"

"एक मॅच जिंकायला तळं विकलंत तुम्ही, बाबा."

आणि गेला बसकडे. जेवायचं कोणी नावही काढलं नाही. मी काही बोलले नाही. घसा बसलाय.

९ फेब्रुवारी

पिरोश्का पेपर घेऊन आली. त्यात लिहिलंय, ऐन मोक्याला प्रशिक्षकांना तहान लागली! "तुझ्या एलेमेरला बाटली नेऊन दे गं!" तिला म्हटलं, तुझ्या कवळीला पाणी लागेल ते आधी बघ. पण तिला कवळी नाही. रागात शब्दही नीट सापडत नाहीत.

एलेमेर सकाळपासून खिडकीशी. "आई, तू तर मागेच बसली होतीस. सांग ना, मी ओरडलो?"

मी कोबी ढवळला. बुडाला लागत होता.

१० फेब्रुवारी

आता नवीनच! म्हणतो, "आई, मी तो शब्द ऐकला. माझ्याच डोक्यातून आल्यासारखा. मीसुद्धा थिजलो. कदाचित मीच ओरडलो असेन. जन्माची सवय — निघून गेलं असेल तोंडातून." आणि डोळे पुसले. पन्नाशीचा बाप्या!

दुपारी दाढी केली, चांगला कोट घातला, हॉटेलवर गेला. माफी मागायला. एलेमेर! ज्याने पाच वर्षांचा असताना फोडलेल्या बरणीचीही माफी मागितली नाही.

लोरांद खाली आलाच नाही. एलेमेर तासभर बाकड्यावर बसून परत आला. कोट न काढता जेवला.

११ फेब्रुवारी

हंगेरी-पोलंड. लोरांदला बाहेर बसवलं. त्यांचा प्रशिक्षक म्हणे सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या वेळी कानात कापूस घालून ये." पोरं हसली. मार्चमधल्या मोठ्या स्पर्धेसाठी नावं ह्याच आठवड्यात ठरायचीत.

१२ फेब्रुवारी

उद्या सकाळी त्यांची बस. देनेश म्हणायचा, गोल खाल्ला तर हात वर करावा, जाळीला दोष देऊ नये. स्वतः मात्र जन्मभर जाळीलाच दोष दिला. आम्हा दोघांचं बरं जमायचं.

१३ फेब्रुवारी

मी ओरडले. मीच. तो धिप्पाड पोरगा भरल्या बैलगाडीसारखा मागून येत होता, लोरांदला दिसत नव्हता, आणि खांदा तो तसला. तोंड उघडलं, आणि ते बाहेर पडलं. साठ वर्षं सिगारेटने भाजलेला घसा — त्या गोंगाटात बाप कोणता नि आजी कोणती, कोण ओळखणार! पाच दिवस वहीलाही सांगितलं नाही.

सकाळी एलेमेरला बखोटीला धरून बसपाशी नेलं, लोरांदला खाली ओढला, दोघांना शेजारी उभं केलं आणि सांगितलं. प्रशिक्षकालाही बोलावून सांगितलं, पोराचे कान ठीक आहेत, आजी ठीक नाही.

मग एलेमेर — "पाच दिवस, आई! पाच दिवस!" मग लोरांद — "माझी मॅच, आजी!" मग दोघं मिळून माझ्यावर, भर चौकात, एकाने थांबायचं तिथून दुसऱ्याने उचलायचं. ड्रायव्हर इंजिन बंद करून ऐकत बसला.

दोन वर्षांनी आज दोघं एका संघात. मी मध्ये तोंड उघडलं नाही.